मागचा दिवा गिअरशी बांधा : खानदेशातील ऑफ-रोड वाहनधारकांना खुले पत्र

प्रति,
खानदेशातील फोर बाय फोर गाड्यांचे मालक, चालक, त्यांचे गट आणि आमच्याच धंद्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन बांधव यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शहाद्यात गेली 22 वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. आयटीआयमधून बाहेर पडल्यावर डिझेल जीप आणि ट्रॅक्टर यांच्यावर हात बसला, आणि आज धडगाव, तळोदा, अक्कलकुवा, शिरपूर अशा सगळ्या बाजूंनी गाड्या माझ्याकडे येतात. पूर्वी डोंगरात जाणारी गाडी दारात उभी राहिली की मालकाची मागणी पुढच्या बंपरवरच्या दिव्यांची असायची. गेल्या काही वर्षांत ती मागणी गाडीच्या मागच्या बाजूला सरकली आहे. “मागे दोन जबरदस्त एलईडी लावा, स्विच वेगळा काढा, उजेडात कसर नको,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते बोलणाऱ्यांशी एकदा सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते. दुकानात ते जमत नाही. गाडी बॉनेट उघडून उभी असते, गिऱ्हाईक घाईत असते आणि मीही हातात पक्कड धरून चार वाक्यांच्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, मागे जादा दिवे लावूच नका, असे सांगायला मी बसलेलो नाही. चांदसैलीच्या घाटात किंवा तोरणमाळला चढणाऱ्या वळणांवर समोरून भरलेली गाडी वर येत असेल, तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यावी, हा नुसता रिवाज नाही. वाहन चालवण्याविषयीच्या 2017 च्या केंद्रीय विनियमांतही अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाचा मान आधी ठेवलेला आहे. वाट द्यायला जागा नसली की उतरणाऱ्यालाच मागे घ्यावे लागते, आणि हे मागे घेणे म्हणजे काळोखात, वळणावर, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना शंभर-दीडशे फूट उलटे चढणे. बहुतेक जुन्या गाड्यांत कंपनीचा रिव्हर्सचा बल्ब 21 वॉटचा असतो, त्याचा उजेड 460 लुमेनच्या आसपास, आणि कित्येक गाड्यांत तो एकाच बाजूला असतो. त्यावरची काच चिखलाने माखलेली, मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली, आणि आरशात दिसतो तो आपल्याच टेल लाइटचा तांबूस उजेड. मग गाडीतून कोणीतरी खाली उतरतो, मोबाइलचा टॉर्च लावून मागे उभा राहतो आणि “येऊ द्या, येऊ द्या… बस!” असे ओरडत राहतो. हा माणूस नेमका कुठे उभा असतो, ते आठवून पाहा. मागे सरकणारी गाडी आणि दरी यांच्या मधोमध तो उभा असतो, आणि त्याची पाठ दरीकडे असते. बहुतेक वेळा तो क्लीनर पोरगा असतो, नाहीतर घरातला धाकटा भाऊ. मागे नीट उजेड असेल तर त्याला तिथे उभे करावे लागत नाही, एवढ्या एका कारणासाठी मी हे दिवे बसवत आलो आहे आणि पुढेही बसवीन.

माझी हरकत दिव्याला नाही, त्याच्या वेगळ्या स्विचला आहे, आणि ती हरकत मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या जीपला मी मागच्या बंपरवर 18 वॉटचे दोन दिवे लावले होते. असा एक चांगला दिवासुद्धा कंपनीच्या बल्बच्या तिप्पट उजेड सहज देतो. डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ, मी त्यांचा साधा टॉगल स्विच बसवला होता; चालू असल्याची खूण दाखवणारा छोटा इंडिकेटर त्याला नव्हता. दिवाळीनंतरच्या एका रात्री धडगावच्या बाजूला एका शेतातल्या पंपाचा स्टार्टर दुरुस्त करायला गेलो होतो. उजेड हवा म्हणून मागचे दिवे लावले, काम झाल्यावर हत्यारे गाडीत टाकली आणि चांदसैलीमार्गे तळोद्याकडे निघालो. घाट उतरताना आरशात सारखा पांढरट उजेड दिसत होता. रस्त्यावर धूळ होती आणि मागे एक मोटारसायकल होती. तिचाच हेडलाइट धुळीवर पडतो आहे, असे मी धरून चाललो. एक-दोनदा पुढे जाण्यासाठी तिला हात दाखवला, पण ती पुढे येईना. घाट संपून रस्ता रुंद झाला तेव्हा ती माझ्या शेजारी आली. पुढे एक माणूस, मध्ये चार-पाच वर्षांचे पोर, मागे त्याची बायको. तो माणूस चिडलेला अजिबात नव्हता. “दादा, तुमचे मागचे लाइट चालू आहेत. घाटभर आम्हाला रस्ता दिसला नाही,” एवढेच म्हणाला आणि निघून गेला.

मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, दहा पावले मागे गेलो आणि मोटारसायकलवर बसल्याइतका वाकून माझ्याच गाडीकडे पाहिले. दोन सेकंदांत मान फिरवावी लागली, आणि त्यानंतर कितीतरी वेळ रस्त्याची कड, झाडाचे खोड, माझ्याच गाडीची नंबरप्लेट, यांतले काहीही दिसेना. तो माणूस पुढे का येत नव्हता, हे तेव्हा कळले. पुढे यायला जागा आहे की दरी, हेच त्याला दिसत नव्हते. त्या रात्री घरी पोहोचल्यावर पहिले काम केले ते त्या स्विचची वायर कापण्याचे.

रात्रीच्या रस्त्यावर माणूस गाडीची दिशा ओळखतो ती दिव्याच्या रंगावरून. पांढरा दिवा दिसला की गाडीचे तोंड माझ्याकडे आहे, लाल दिसला की पाठ माझ्याकडे आहे, एवढ्या साध्या समजावर आपण सगळे एकमेकांवर विश्वास टाकून गाडी चालवतो. पुढे धावणाऱ्या गाडीच्या पाठीवर पांढरे दिवे जळत असतील, तर मागच्याला ती क्षणभर समोरून येणारी गाडी वाटते. तो दचकून डावीकडे घेतो, आणि घाटात डावीकडे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट याहूनही वाईट आहे. एवढ्या प्रखर पांढऱ्या उजेडाशेजारी ब्रेकचा लाल दिवा बुडून जातो. आपण ब्रेक दाबलेला मागच्याला कळतच नाही. म्हणजे ज्या दिव्यामुळे आपली गाडी लांबून दिसेल अशी आपली समजूत असते, तोच दिवा आपण थांबतो आहोत ही सर्वांत महत्त्वाची खबर झाकून टाकतो.

कायद्याने हे सगळे फार पूर्वीच ओळखले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 108 सांगतो की, गाडीच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा प्रकाश दाखवू नये. त्याला ज्या थोड्या सवलती दिल्या आहेत, त्यांत नंबरप्लेट उजळणारा दिवा आहे आणि रिव्हर्स घेताना वापरायचा पांढरा दिवा आहे. पांढऱ्या उजेडाला मागे वाट ठेवली आहे ती अशी गिअरमधून जाते. स्विचवर लागणारा आणि पुढे धावताना जळणारा पांढरा दिवा त्या सवलतीत बसत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 182अ नुसार नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आपण बसवत असलेला दिवा नियमात बसतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार परिवहन कार्यालयाचा आहे, माझा नाही. म्हणून नव्या गाडीला हात लावण्यापूर्वी तिथे विचारून घ्यावे, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आता जरा कटू वाटेल असे लिहितो. वेगळा स्विच मागणाऱ्यांपैकी अनेकांना तो कामासाठी नको असतो. मागून येणारा डिपर देत नाही, अप्परवरच चालवतो, मग त्याच्या डोळ्यांवर आपणही दिवे सोडायचे आणि त्याला धडा शिकवायचा, यासाठी तो हवा असतो. मला हे तोंडावर सांगणारे भेटले आहेत, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगे वाटलेले दिसले नाही. त्यांचा राग मला समजतो. सुरत-नागपूर महामार्गावर कोंडाईबारी घाटात मागच्या ट्रकचा अप्पर आरशातून डोळ्यांत घेत मीही गाडी चालवलेली आहे. पण ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तुम्ही ज्याला धडा शिकवता, तो पुढचे दोन-तीन सेकंद आंधळा होऊन 33 ते 50 मीटर येतो, आणि तो ज्याच्या दिशेने येतो ती तुमचीच गाडी असते, तुमच्याच मागच्या सीटवर तुमची मुले झोपलेली असतात. त्याच्या मागे आणखी कोणी असेल तर त्याचा तर काहीच दोष नसतो. आतल्या आरशाच्या खाली एक छोटी खुंटी असते, ती ओढली की मागचा झोत मंद होतो. बाहेरचा आरसा थोडा खाली वळवता येतो. डावा इंडिकेटर देऊन त्याला पुढे काढता येते. हे तिन्ही उपाय फुकट आहेत.

“मागच्या गाडीला रस्ता दिसावा म्हणून लावतो,” असेही काही जण म्हणतात, विशेषतः गटाने जाणारे. त्यांचा हेतू चांगला असतो, पण दिवा ज्याच्या डोळ्यांकडे पाहतो त्याला रस्ता दाखवत नाही. कंदील हातात धरणाऱ्याला वाट दिसते. तोच कंदील दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला की त्याला फक्त कंदील दिसतो.

मग जोडणी कशी करावी, हे माझ्या धंद्यातल्या बांधवांसाठी नीट लिहितो. मालकांनीही वाचावे, म्हणजे दुकानात उभे राहून काय मागायचे ते कळेल. दोन 18 वॉटच्या दिव्यांना मिळून सुमारे 3 अँपिअर करंट लागतो. तो थेट रिव्हर्स बल्बच्या वायरीतून घेऊ नका; गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचचे संपर्कबिंदू छोट्या बल्बांच्या हिशेबाने केलेले असतात आणि ते हळूहळू जळतात. नव्या गाड्यांत तर संगणक त्या वायरीवर नजर ठेवून असतो आणि जादा भार दिसला की डॅशबोर्डवर तक्रार करतो. मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, घाला. रिव्हर्स बल्बची वायर फक्त रिलेच्या 86 नंबरच्या पिनेला द्या आणि 85 ला अर्थ, म्हणजे चेसिसची जोडणी, द्या. रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपासच खाते, त्यामुळे स्विचला काही होत नाही. बॅटरीतून येणारी 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर 30 ला, दिव्यांकडे जाणारी 87 ला, आणि साडेसात अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्याजवळ लावून चालत नाही, कारण वायर घासून शॉर्ट होते ती मधल्या चेसिसच्या कडेवर किंवा मागच्या दाराच्या बिजागरीपाशी, आणि त्या वेळी बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर विनासंरक्षण तापत असते. पत्र्याला भोक पाडले की त्यात रबरी ग्रोमेट हवेच. वायरीवर नळी चढवताना हात आखडता घेऊ नका.

एवढे केले की रिव्हर्स पडला, “टक” आवाज झाला, दिवे लागले. गिअर काढला, दिवे गेले. चालकाने काही लक्षात ठेवायचे उरत नाही. विसरायलाच काही नसते, ही त्या जोडणीची खरी किंमत आहे.

शेतात काम करताना, मुक्कामाला तंबू ठोकताना, चिखलात रुतलेली गाडी विंचने ओढताना उभ्या गाडीच्या मागे उजेड लागतो, हे मला मान्य आहे. मी स्वतः त्यासाठीच स्विच बसवला होता. त्याला माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो माझ्या जीपवर तीन वर्षे चालू आहे. हाताने लागणाऱ्या दिव्यासाठी दुसरा रिले घ्या आणि त्याच्या कॉइलचा अर्थ चेसिसला न देता हँडब्रेकच्या स्विचमधून घ्या. हँडब्रेक ओढला की तो स्विच अर्थ देतो, डॅशबोर्डवर लाल खूण लागते आणि त्याच वेळी तुमचा रिलेही काम करू शकतो. हँडब्रेक सोडून गाडी हलली की अर्थ तुटतो आणि टॉगल चालू राहिला असला तरी मागचे दिवे आपोआप विझतात. कॉइलच्या वायरीत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड मात्र घाला, नाहीतर डॅशबोर्डच्या बल्बमधून उलटा करंट फिरून टॉगलवरचा इंडिकेटर मंद जळत राहतो आणि पुढचा मेकॅनिक अर्धा दिवस दोष शोधत बसतो. बटणाने लागणारा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नये. तिथे बाजारात मिळणारा चुंबकाचा सुटा दिवा घ्यावा आणि काम झाले की डिकीत ठेवावा.

दिवा कुठे लावायचा, यावर सर्वांत जास्त वाद होतो आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. कॅरिअरवर लावलेला दिवा रुबाबदार दिसतो, हे खरे. पण टपावरून पडणारा उजेड जमीन सपाट करून टाकतो. दगडाला सावली पडत नाही, खड्डा आणि ओला डाग सारखेच दिसतात, आणि वर पुन्हा मागच्या काचेवर चकाकी येते. बंपरच्या उंचीवरचा दिवा आडवा पडतो, मुठीएवढ्या दगडालाही हातभर सावली देतो, आणि रिव्हर्स घेणाऱ्याला हवी असते ती हीच सावली. रिव्हर्स दिवा जमिनीपासून 250 ते 1200 मिलिमीटर उंचीत असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत आहे, आणि त्यामागे हाच अनुभव असणार. त्याच नियमावलीत रिव्हर्स दिव्याच्या तेजाची जी मर्यादा आहे, ती प्रत्येक इलेक्ट्रिशियनने लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिव्याच्या पातळीत आणि तिच्या वर 300 कँडेला (एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचे तेज), तिच्या खाली 5 अंशांपर्यंत 600, आणि त्याहून खाली 8000 पर्यंत. जमिनीवर हवा तेवढा उजेड पाडा, डोळ्यांच्या वाटेला मात्र मेणबत्तीच्या हिशेबाने जा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

म्हणून लांब फेकणारा स्पॉट दिवा मागे नकोच; आडवा पसरणारा फ्लड घ्या. तो 15 अंश तरी खाली झुकवा, म्हणजे 80 सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याचा मध्य गाडीपासून सुमारे तीन मीटरवर जमिनीला टेकतो. एवढ्यानेही भागत नाही, कारण फ्लडचा पसारा वरच्या बाजूलाही असतो. त्यासाठी मी दिव्याच्या माथ्यावर जीआय पत्र्याचा चार बोटे पुढे येणारा छज्जा बसवतो आणि आतून काळा रंग मारतो. हा छज्जा पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. दहा पावले मागे नेऊन उभे केले की मग बोलत नाही.

कोन ठरवताना गाडी रिकामी असावी. मागे सामान भरले की गाडीचे बूड बसते, नाक वर येते, हेडलाइट वर पाहतात आणि मागचा दिवा आणखी खाली पाहतो. भरलेल्या गाडीवर कोन बसवला तर सामान उतरवल्यावर तोच दिवा वर उठतो आणि मागच्याच्या छातीवर जाऊन थांबतो. लिफ्ट किट किंवा मोठे टायर घातल्यानंतर तर कोन पुन्हा तपासायलाच हवा. रिव्हर्स कॅमेरा असेल तर दिवा त्याच्या शेजारी लावू नका, पडद्यावर पांढरा गोळा दिसतो आणि बाकी सगळे काळे.

अर्थिंगबद्दल एक सांगून पुढे जातो. मागच्या दिव्यांचा अर्थ टेल लाइटच्या जुन्या, गंजलेल्या अर्थवर चढवला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावतो आणि रिव्हर्स टाकल्यावर टेल लाइट भलतेच मिणमिणतात. रंग खरवडून, चेसिसला स्वतंत्र लग मारून, वर व्हॅसलिन लावले तर हा आजार होतच नाही. नाल्यातून जाणाऱ्या गाडीला दिवा किमान आयपी 67 दर्जाचा घ्या. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाऊ नये, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. दिवा टिकतो, जोड टिकत नाही, म्हणून जोड नेहमी दिव्यापेक्षा उंच ठेवा.

धुळीचा विषय वेगळा आहे. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या गाडवाटांवर चार गाड्या एकामागे एक निघाल्या की तिसऱ्याला दुसरी दिसत नाही, आणि तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात हिवाळ्यात पहाटे कधी असे धुके उतरते की टेल लाइट वीस पावलांवर विरघळतो. इथे मागे दिसणे खरोखर गरजेचे आहे, पण त्याचे औषध पांढरा दिवा नव्हे. पांढरा झोत धुळीच्या कणांवरून परत येतो आणि पुढची गाडी एका पांढऱ्या भिंतीआड लपते. लाल फॉग लाइट हे त्याचे औषध आहे. साध्या टेल लाइटचे तेज 4 कँडेलापासून सुरू होते, मागच्या लाल फॉग लाइटचे 150 ते 300 असते; क्रॉस-कंट्री रॅलीच्या गाड्यांच्या पाठीवर जास्तीचे लाल दिवे दिसतात ते याचसाठी. धूळ संपली, धुके विरले की तोही बंद करायचा, कारण स्वच्छ हवेत तोही डोळ्यांना बोचतो. ज्यांनी माझ्याकडे “गटासाठी मागे दिवा हवा” असे सांगितले, त्यांना मी गेली दोन वर्षे हाच लावून देतो.

शहादा परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्याने बैलगाड्या आणि ट्रॉल्या चालतात. त्यांतल्या कित्येकांना मागे लाल पट्टीसुद्धा नसते. अंधारात अशी ट्रॉली वेळेवर दिसावी, यासाठी मागच्याची नजर शाबूत राहायला हवी. एकदा झोताने दिपलेला डोळा पूर्ण अंधाराला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे घेतो. तुमची गाडी पुढे निघून गेल्यावरही तुमच्या दिव्याचे काम मागे चालूच असते, हे मला त्या ट्रॉल्यांकडे पाहून फार जाणवते.

गटांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. सहलीला निघण्यापूर्वी तुम्ही टायरची हवा तपासता, दोर तपासता, वॉकी-टॉकी तपासता. त्यात मागचे दिवे घाला. सपाट मैदानावर गाड्या उभ्या करा, रिव्हर्स टाकून दिवे लावा, आणि दहा पावले मागे मोटारसायकल उभी करून गटातल्या प्रत्येकाला एकदा तिच्या सीटवर बसवा. नियम तोंडाने समजावण्यापेक्षा हे लवकर समजते. पुढे चालणाऱ्या गाडीचे मागचे पांढरे दिवे चालू दिसले तर वॉकी-टॉकीवर लगेच सांगायची पद्धत ठेवा, आणि सांगणाऱ्यावर कोणी हसू नये, एवढे प्रमुखांनी पाहावे.

आत्ताच हे लिहायला कारण आहे. भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे आदिवासी बाजार तोंडावर आले आहेत आणि त्यांच्यामागोमाग होळी आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला पहाटेपर्यंत पाड्यापाड्यांतून माणसे पायी येत असतात, अंगावर साज चढवून, पोरे खांद्यावर घेऊन, रस्त्याच्या कडेने रांगेत. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेलाही असेच असते. त्या अरुंद रस्त्यांवर गाड्या लावायला, वळवायला, काढायला शंभर वेळा रिव्हर्स घ्यावा लागतो. तिथे मागे चांगला, खाली पाहणारा उजेड असणे ही चालणाऱ्यांची सोय आहे, कारण गाडीमागे कोण उभे आहे ते चालकाला दिसते. तोच दिवा स्विचवर जळत राहिला, तर पायी चालणाऱ्या त्या रांगेला पुढचा नाला दिसत नाही.

माझ्या हातून ज्यांच्या गाडीचे मागचे दिवे पूर्वी वेगळ्या स्विचवर जोडले गेले आहेत, त्यांनी गाडी घेऊन यावे. ते काम मी तेव्हा चुकीचे केले होते. दिव्यांची वायर गिअरवर घेऊन देतो, हँडब्रेकचा दुसरा रिले टाकून देतो, वर छज्जा बसवून देतो. रिले आणि वायरीचे जे होतील ते द्यावेत, मजुरी घेणार नाही. दुसऱ्या कोणाकडे काम झाले असेल तर हे पत्र त्यांना दाखवावे, त्यांना जोडणीत काही अडले तर त्यांनी दुकानावर यावे, मी समोर बसून आकृती काढून देईन. भोंगऱ्या सुरू व्हायच्या आत आलात तर बरे पडेल. होळीच्या आठवड्यात दुकान बंद असते, मी काठीला असतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
शहादा, जि. नंदुरबार